वही दाखवा! पारनेरची दीडशे वर्षांची मागणी

(एपिसोडचं शब्दांकन. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



एक स्क्रीन तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं, "सगळ्यांनी बघून घ्या." तुम्ही उघडता आणि समोर येतं: तुम्हाला परवानगी नाही. खाली एक बटण, रिक्वेस्ट ॲक्सेस. ते दाबायचं आणि वाट बघत बसायचं. ज्याने लिंक टाकली तो नेमका जेवायला गेलेला असतो.

आजचा भाग त्या बटणाबद्दल आहे. एकत्र काम करायची साधनं, म्हणजे सामायिक शीट, ग्रुप, कामाचे बोर्ड, आणि त्यांच्याबरोबर हमखास येणारं "आमच्याकडे सगळं ओपन असतं" हे वाक्य. हे सगळं परदेशातून आलं, फार तर बंगळूरहून आलं, असं आपण धरून चालतो. मला मात्र ही गोष्ट पारनेरपासून सांगायचीय. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पावसाने कायम हुलकावणी दिलेलं पारनेर. कारण कागद कुणाच्या ताब्यात आहे, तो कुणाला वाचता येतो आणि त्यावर कोण लिहितं, यावरून या भागात दीडशे वर्षांपूर्वी आगी लागल्या होत्या. खऱ्याखुऱ्या आगी.

१२ मे १८७५. ठिकाण सुपे. थांबा, पारनेरचे श्रोते लगेच म्हणतील, "आमचं सुपे?" नाही. पुणे-नगर रस्त्यावरचं, एमआयडीसीचं सुपे वेगळं. हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आज बारामती तालुक्यात येणारं सुपे. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून आलेली माणसं जमली आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेली. मग हे लोण पसरलं. पुणे जिल्ह्यातली गावं झाली, आणि नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर हे तालुके. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात, चार ओळीत आटोपतात आणि आपण परीक्षेपुरतं पाठ करून विसरतो.

पण लोकांना काय हवं होतं ते बघा. त्यांना सावकाराचे कागद हवे होते. कर्जरोखे, कोर्टाचे हुकूमनामे, वह्या. सावकाराने कागद काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. नाही दिले तर मारहाण, जाळपोळ. कागद हाती आले की चौकात ढीग करायचा आणि पेटवून द्यायचा.

हे एकाएकी झालं नव्हतं. आदल्या वर्षाच्या शेवटी, पारनेरला खेटून असलेल्या शिरूर तालुक्यात करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला होता. त्यांच्या दुकानातून घ्यायचं नाही, त्यांची कामं करायची नाहीत. त्याच्या मागे दहा-पंधरा वर्षांचं ओझं होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यात सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढवला. आणि नेमकं तेव्हाच सावकारांनी नवं कर्ज द्यायचं थांबवलं.

यात एक कायद्याची गंमत आहे, गंमत म्हणजे क्रूर गंमत. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा करायचा, नंतर तो चालणार नाही. हेतू चांगला होता, जुनी कर्जं उकरून शेतकऱ्याला छळू नये. झालं काय? सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायला लागले. थकलेलं व्याज मुद्दलात धरायचं आणि त्या सगळ्यावर पुन्हा व्याज. आणि नव्या रोख्यावर काय लिहिलंय हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. त्या काळच्या कागदांवर कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी असायची, एक छोटंसं चित्र. वर दहा ओळी दुसऱ्याने लिहिलेल्या, खाली याचा नांगर. आपण अटी न वाचता 'मला मान्य आहे' दाबतो ना, तसंच. फरक इतकाच की इथे पणाला जमीन असायची.

म्हणून मला ती आग निव्वळ राग वाटत नाही. ज्या कागदात आपल्याला शिरताच येत नाही आणि तरी जो आपल्यावर चालतो, त्याचं दुसरं करणार काय?

सरकारने दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं पकडली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या. मग चौकशीसाठी कमिशन नेमलं. आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीशांच्या हाताखाली काम केलं. इतिहासाच्या पुस्तकांत या कायद्याबद्दल येतं ते जमीन जप्तीबद्दल, कैदेबद्दल. मला त्याचा शेवटाकडचा भाग फार आवडतो. शेतकऱ्याने करायचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा. पैसे दिले की लेखी पावती मागायचा शेतकऱ्याला हक्क. दर वर्षी हिशोबाचा लेखी उतारा मागायचा हक्क. आणि आपल्याजवळ पासबुक ठेवायचं, त्यात सावकाराने वेळोवेळी हिशोब भरून द्यायचा.

पासबुक! सावकाराच्या वहीची एक प्रत शेतकऱ्याच्या घरी. दोघांनी एकच हिशोब बघायचा. आजच्या भाषेत सामायिक शीट, फक्त शेतकऱ्याला 'व्ह्यू ओन्ली'.

आता यात एक भोक आहे, आणि ते पुढच्या सगळ्या गोष्टीत दिसत राहतं. पासबुक मागायचं कुणी? ज्याला वाचता येत नाही त्याने. कुणाकडे? ज्याच्या दारात पुढच्या पेरणीला पुन्हा बियाण्याचे पैसे मागायला जायचंय त्याच्याकडे. कायद्यात हक्क आला तरी "शेठ, वही दाखवा" हे तोंडातून निघणं वेगळी गोष्ट आहे. तुमच्या टीम लीडला "माझ्या कामाबद्दल वर काय कळवलंत ते दाखवा" असं शेवटचं कधी म्हणालात?

दुसरं दफ्तर होतं कुलकर्ण्याचं. गावाच्या जमिनीचा, साऱ्याचा सगळा हिशोब त्याच्याकडे, वंशपरंपरेने, कापडी रुमालात बांधलेला. गावाबद्दल सगळं लिहिलेलं, आणि गावातल्या बहुतेकांना न वाचता येणारं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं त्यात लेखणीच्या या जोरावर कडाडून हल्ला आहे. कुलकर्णी वतन कायद्याने जायला १९५० साल उजाडलं. मग पगारी तलाठी आला. माणूस बदलला. दफ्तर मात्र पुढची कैक वर्षं तलाठ्याच्या सोयीच्या वेळीच उघडत राहिलं.

आता गावातून सरकारी कचेरीत चला.

सरकारी फाईल तुम्ही कधी आतून पाहिलीय? एका बाजूला पत्रव्यवहार, म्हणजे आलेले-गेलेले कागद. दुसऱ्या बाजूला टिपणी. टिपणी म्हणजे काय, तर क्लार्क प्रकरण मांडतो, आपलं मत लिहितो, "सादर" म्हणून वर पाठवतो. वरचा त्याखाली लिहितो, "चर्चा करावी." त्याच्या वरचा लिहितो, "विधी विभागाचे अभिप्राय घ्यावेत." कुणी नुसतंच "पाहिले" लिहून सही ठोकतं. एकाखाली एक, तारखेसकट, सहीसकट. हा थ्रेडच झाला की! एकत्र विचार करायचं आपल्या देशातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पसरलेलं साधन म्हणजे ही फाईल. आपण तिला नावं ठेवतो, पण ती कल्पना भारी आहे. कनिष्ठ क्लार्कने "हे नियमात बसत नाही" असं लिहिलं की ते तिथे राहतं. वरिष्ठाला ते डावलता येतं, पण डावलल्याचं त्याच कागदावर लिहावं लागतं.

भानगड दोन ठिकाणी होती. एक, फाईल सापडायची नाही. दोन, सापडली तरी बाहेरच्याला बघता यायची नाही. या दोन्ही भानगडींवरचा इलाज नगर जिल्ह्यातून निघाला, वेगवेगळ्या वेळी, अगदी वेगळ्या माणसांकडून. म्हणून तर मला या जिल्ह्याची गोष्ट सांगायचीय.

पहिला माणूस आयएएस अधिकारी, अनिलकुमार लखीना. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कलेक्टर कचेरीच्या रोजच्या कामातच हात घातला. कुणाच्या टेबलावर कुठलं काम, कुठला कागद कुठे ठेवायचा, कधीपर्यंत ठेवायचा, रेकॉर्ड रूम कशी लावायची. ऐकायला किती रटाळ, नाही? पण महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत आजही 'लखीना पॅटर्न' म्हटलं की बोर्डाच्या परीक्षेसारखा सगळ्यांना घाम फुटतो. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आधी गठ्ठे नीट लावायचे.

त्या पद्धतीत टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावतात. प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात. दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट बघणारी, म्हणजे प्रतीक्षाधीन, दुसऱ्यात. ठराविक काळाने पाठवायची नियतकालिकं तिसऱ्यात. स्थायी आदेशांचा गठ्ठा चौथा. काम संपून रेकॉर्ड रूमला जायचे कागद पाचव्यात, आणि मुदत संपली की नष्ट करायचे सहाव्यात. शिवाय रेकॉर्डची अ, ब, क, ड अशी वर्गवारी: कायम जपायचं ते अ, थोडक्यात निकालात काढायचं ते ड.

तुमच्यातल्या आयटीवाल्यांना हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटेल. करायचं आहे, अडकलंय, झालं, असे रकाने आणि त्यात सरकवायची कार्डं. त्याला कानबान म्हणतात, टोयोटाच्या कारखान्यात कार्डं लावून कामाचा ओघ सांभाळायच्या पद्धतीवरून ते नाव आलं. नगरच्या क्लार्कने कापडी फितीने बांधलेले सहा गठ्ठे म्हणजे तोच बोर्ड. आणि त्याचा खरा फायदा साहेबाला नव्हता. तो बाबू रजेवर गेला तरी त्याच्या जागी बसलेल्याला कागद सापडावा, हा होता. "संबंधित कर्मचारी रजेवर आहेत, सोमवारी या" हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला याची किंमत कळेल. माहिती माणसाच्या डोक्यातून टेबलावर आली.

पण टेबलावर आली म्हणजे लोकांसमोर आली असं नाही. कचेरी आतून नीट लागली. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्याला ती तेवढीच बंद. गुपितांचा इंग्रजांचा कायदा, १९२३चा, लागू होताच. सरकारी कागद म्हणजे आधी गुपित, दाखवायचाच असेल तर कारण सांगा, अशी सगळी सवय.

दुसरा माणूस पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा. अण्णा हजारेंबद्दल तुमचं मत काहीही असेल. २०११च्या दिल्लीतल्या आंदोलनानंतर बहुतेकांचं काहीतरी ठाम मत असतंच, माझंही आहे. पण ते थोडं बाजूला ठेवा, कारण मी बोलतेय ते त्याच्या आधीच्या काळाबद्दल. सैन्यातल्या ड्रायव्हरची नोकरी संपवून ते १९७५ मध्ये गावी आले, मंदिर दुरुस्त केलं, पाणी अडवलं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९९१ मध्ये भ्रष्टाचारविरोधी जन आंदोलन सुरू झालं आणि तिथे त्यांची गाठ कागदाशी पडली. आरोप करायचा तर पुरावा लागतो. पुरावा असतो फाईलमध्ये. आणि फाईल असते ज्याच्यावर आरोप करायचा त्याच्याच ताब्यात. एका मंत्र्यावरच्या आरोपांतून बदनामीचा खटला झाला आणि १९९८ मध्ये अण्णांना तीन महिन्यांची शिक्षा झाली.

माहितीच्या अधिकाराची मागणी त्यांनी १९९७ पासून लावून धरली होती. हे एकट्या राळेगणचं काम नव्हे, हेही सांगायला हवं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेचे लोक १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेत होते. रस्त्याच्या, विहिरीच्या कामाची बिलं आणि मजुरांची हजेरी मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेल्यांना विचारायचं, तू त्या दिवशी कामाला होतास का? मेलेल्या माणसांची नावं हजेरीत निघायची. १९९६ मध्ये ब्यावरला त्यांनी चाळीस दिवस धरणं धरलं. मागणी एकच: वही दाखवा. १८७५ आठवलं ना? तेव्हा वही जाळायची होती, आता तिची झेरॉक्स हवी होती.

महाराष्ट्राने २००० मध्ये एक कायदा केला, त्यात द्यायच्या माहितीपेक्षा नाकारायच्या सबबी जास्त. तो फेकून दुसरा करावा लागला. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसले, त्याच महिन्यात राष्ट्रपतींची मंजुरी आली आणि कायदा २३ सप्टेंबर २००२ पासून लागू धरला गेला. दोन वर्षांनी देशाचा कायदा आला, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या व्याख्येत लपलीय. 'माहिती' म्हणजे काय याची यादी आहे, त्यात नुसते आदेश आणि परिपत्रकं नाहीत. मतं आहेत, सल्ले आहेत, ई-मेल आहेत. म्हणजे निर्णय काय झाला एवढंच तुम्ही विचारू शकता असं नाही. तो होताना कोण काय म्हणालं, हेही.

आणि इथेच सरकारला घाम फुटला. जुलै २००६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली: टिपणी वगळायची. पत्रव्यवहार बघा, निर्णय बघा, थ्रेड नाही बघायचा. युक्तिवाद असा की अधिकाऱ्यांना मोकळेपणाने मत लिहिता यायला हवं. उद्या चव्हाट्यावर येणार म्हटलं तर कोण खरं लिहील? हा युक्तिवाद फालतू नाही, त्याच्याकडे परत येते. ९ ऑगस्ट २००६ ला अण्णा आळंदीत उपोषणाला बसले, देशभर गलका झाला. केंद्र सरकारने विधेयक आणणार नाही असं सांगितल्यावर १९ ऑगस्टला उपोषण सुटलं. क्लार्कने लिहिलेली ती एक ओळ, "हे नियमात बसत नाही", ती तुम्हाला-मला वाचता येणं तेव्हा वाचलं.

त्याच वर्षी महाराष्ट्रात आणखी एक कायदा लागू झाला, बोली भाषेत दफ्तर दिरंगाईचा. फाईल एका टेबलावर साधारण सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवायची नाही. लखीनांचा पहिला गठ्ठा आणि राळेगणची मागणी, दोन्ही इथे भेटतात. गठ्ठा लावलेला नसेल तर सात दिवस मोजणार कुठून? आणि मोजायला बाहेरून कुणी येणारच नसेल तर गठ्ठा तपासणीपुरताच लागणार.

किंमतही मोजली गेली. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांचे कागद माहिती अधिकारातून मागवत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. सावकाराला वही मागताना कुणब्याच्या पोटात येणारा गोळा उगाच नव्हता.

हां, आता थोडं उलट बोलते. राळेगणचं सगळं गोड नाही. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारायची शिक्षा त्या गावात झालीय, आणि ते अण्णांनी लपवलेलंही नाही. लहान गावात सगळ्यांना सगळं दिसतं. कोण कुठे गेला, काय प्यायला, कुणाशी बोलला. हाही खुलेपणाच म्हणायचा का? मला तरी हा वेगळा वाटतो. एका खुलेपणात वरचा खालच्याला बघतो. दुसऱ्यात खालच्याला वरच्याचं वाचता येतं. ऑफिसात येणारं नवं साधन 'पारदर्शक' आहे असं कुणी सांगितलं की मी आधी हेच बघते की नजर कुठून कुठे जातेय. हजेरीच्या ॲपला माझं लोकेशन दिसतं, मी ऑनलाइन कधी होते ते दिसतं, किती मिनिटं हललेच नाही तेही दिसतं. माझ्या पगारवाढीबद्दल काय लिहिलं गेलं, ते मला दिसतं का?

सरकारी नोकरांच्या बाबतीत याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलं. देव दत्त नावाच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, त्या माणसाला कळवलाच पाहिजे. म्हणजे ज्याच्या नावातच 'गोपनीय' आहे त्या अहवालालाही दार ठेवावं लागलं. खासगी नोकरीत, सुप्याच्या एमआयडीसीत असा किंवा हिंजवडीत, आरटीआयचा अर्ज तुमच्या कंपनीला थेट लागू होत नाही. तिथे कायद्याने हातात येतं ते फार थोडं. पगाराची स्लिप द्यायलाच हवी, हे २०१९च्या वेतन संहितेतही आहे. त्या स्लिपकडे बघितलं की मला १८७९चं पासबुक आठवतं. हिशोबाचा एक तुकडा तरी आपल्या हातात.

आता तो युक्तिवाद. सगळं उघडं झालं की लोक खरं लिहायचं थांबवतात का?

थांबवतात. सरकारी कामाशी संबंध आलेलं कुणीही सांगेल: फाईलवर पिवळी चिठ्ठी चिकटवायची, त्यावर साहेबाने काय हवं ते लिहायचं, टिपणी तशी झाली की चिठ्ठी काढून टाकायची. किंवा पेन्सिलीने. किंवा टिपणीत फक्त "चर्चेप्रमाणे". कुठली चर्चा, कुणाशी, काय ठरलं, काही नाही. माझ्या आधीच्या नोकरीत हेच पाहिलं, फक्त चिठ्ठीच्या जागी फोन होता. कंपनीने मोठ्या हौसेने एक सामायिक साधन आणलं, सगळी चर्चा तिथेच करायची, सगळ्यांना दिसेल अशी. पहिल्या आठवड्यात एका मुलीने तिथे लिहिलं की ही डेडलाइन जमणार नाही, कारणांसकट लिहिलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिला सगळ्यांसमोर झापलं. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मॅनेजर नसलेला ग्रुप निघाला. चौथ्या दिवशी कळलं, मॅनेजर लोकांचा आमच्याशिवायचा ग्रुप आधीपासूनच होता. त्या साधनावर नंतर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा पडायच्या. आणि डेडलाइन? चुकली. तिने लिहिली होती त्याच कारणांनी.

म्हणून टिपणी लपवा हा उपाय मला पटत नाही. ज्याने खरं लिहिलं त्याला त्या लिहिण्यासाठी मारू नका, एवढंच त्यात करण्यासारखं आहे. लिहिणाऱ्याला धाक असेल तर वही कितीही उघडी ठेवा, आत काही नसतंच.

सरकारातली फाईल आता ई-ऑफिसवर चाललीय. तिथे कच्च्या मजकुराला पिवळी नोट म्हणतात आणि पक्क्याला हिरवी. हिरवी नोट पुढे गेली की बदलता येत नाही, कुणी किती वाजता लिहिलं ते कायम राहतं. लखीनांना आवडलं असतं. पण त्याच वेळी कामाच्या सूचना तलाठ्यांच्या, ग्रामसेवकांच्या, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. कायद्याच्या व्याख्येत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक रूपातली माहिती बसते, पण सात दिवसांनी आपोआप पुसला जाणारा मेसेज कुठल्या गठ्ठ्यात लावायचा?

उघडं दारही आहे, ते वापरणारे कमी. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी कुणीही यावं आणि फाईल मागून बघावी, अशी सोय होती. २०१८ मध्ये राज्य सरकारने आदेश काढून जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्यांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना तेच करायला सांगितलं. सोमवार, दुपारी ३ ते ५. समोर बसून फाईल चाळायची.

आणि शेवटी पुन्हा शेतात येते, कारण सुरुवात तिथूनच होती. सातबाऱ्यावर कुठलं पीक आहे हे आजवर तलाठी लिहायचा. खूपदा शेतात न जाता, गेल्या वर्षीचंच. नुकसानभरपाई, विमा, सरकारी खरेदी, सगळं त्या एका नोंदीवर. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कुलकर्ण्याच्या रुमालातल्या दफ्तरात कुणब्याला पहिल्यांदा, आपल्या भाषेत सांगायचं तर, 'एडिट ॲक्सेस' मिळाला. ॲप अडकतं, सर्व्हर झोपतो, मुदत संपत येते, म्हाताऱ्या माणसाला नातवाला हाक मारावी लागते. हे सगळं खरंय. पण यंदाच्या पावसाळ्यात पारनेरच्या एखाद्या माळावर मुगाच्या नाहीतर बाजरीच्या रानात कुणी फोन आभाळाकडे धरून रेंज शोधताना दिसलं, तर तो रील बनवत नसेल. आपल्याच जमिनीच्या कागदावर तो स्वतः लिहितोय.

तुमच्या ऑफिसात 'सगळं ओपन आहे' म्हणतात त्यात नेमकं काय उघडं आहे, ते मला कळवा. व्हॉइस नोट चालेल. नाव सांगू नका.